एक पत्ता दे ना

चि. पोरा,

परवा फोनवर तू तोऱ्यात सांगितलंस, की रोज रात्री ट्रामाडॉल या दुखण्यावरच्या गोळ्यांचा पत्ता मागायला येणाऱ्या त्या ट्रकवरच्या क्लीनरला चार लोकांसमोर हाकलून दिलंस. चिठ्ठीशिवाय दिलं नाहीस, ते बरोबरच. हाकललंस त्याबद्दल मात्र लिहायला बसलोय.

तुझं औषधाचं दुकान शिरपूरला, आग्रा रोडवर. पळासनेरच्या पुढे तोच रस्ता माळव्याकडे जातो आणि तिकडे मंदसौर-नीमचला सरकारी परवान्यावर अफू पिकते. आपल्याकडे बोंड म्हटलं की कापसाचं, तिकडे अफूचं. त्या बोंडाला चिरा पाडल्या की जो चीक गळतो, त्यातून मॉर्फिन आणि कोडीन काढतात. (आपल्या वाटणातली खसखसही त्याच बोंडातली.) काही खोकल्याच्या बाटल्यांत हेच कोडीन असतं आणि पोटात गेल्यावर यकृत त्यातल्या थोड्याचं मॉर्फिन करतं. ट्रामाडॉल कारखान्यात बनतं, पण मेंदूत जाऊन लागतं मॉर्फिनच्याच कुलपाला. गर्द, म्हणजे हेरॉइन, तेही तिथंच. तेव्हा गल्लीतला माल वेगळा आणि आपल्या फळीवरचा वेगळा, असं धरून चालू नकोस.

माझी गोष्ट तुला कधी सांगितली नाही. रावेरला केळीच्या गाड्या भरणारा एक हमाल होता. पाठ धरली म्हणून आला, "भाऊ, आंग दुखस, एक पत्ता दे ना." दिला. पुढे एकाचे दोन झाले, दोनाचे तीन. तेवढ्याच गोळ्यांनी त्याला आता काही होत नव्हतं, कारण शरीर सरावतं. मग तो सकाळी शटर उघडायच्या आधीच पायरीवर बसलेला असायचा. जांभयांवर जांभया, नाक गळतंय, डोळे पाणावलेले. आणि मे महिन्यात, रावेरच्या त्या उन्हात, दंडावर काटा! मी त्याला सर्दीची गोळी दिली. तीस वर्षं काउंटरवर काढलेला मी, मला ती हूक, म्हणजे गोळी न मिळाल्यावर उठणारी अंगाची तगमग, ओळखता आली नाही. की ओळखायची नव्हती? रोजचं गिऱ्हाईक होतं.

2014 ला एच-वन ही चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांची यादी आली, तिचं वेगळं रजिस्टर आलं. ट्रामाडॉल, कोडीन दोन्ही त्यात. तरी त्याला मी हात आखडता घेऊन देतच राहिलो. 2018 ला ट्रामाडॉल एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली गेलं, तेव्हा घाबरलो आणि एका दिवसात बंद केलं. कुठे जा, कोणाला दाखव, एक शब्द बोललो नाही. घरच्यांनी त्याला कुठल्याशा केंद्रात नेऊन टाकलं. वीस दिवसांनी आला तो तजेलदार होऊन. शेतात भरीत-पुरी झाली, मलाही बोलावणं होतं. आठव्या दिवशी त्यानं कुठूनतरी मिळवून पूर्वीएवढ्याच गोळ्या घेतल्या. सकाळी गोठ्यात सापडला.

वीस दिवसांत शरीराचा सराव मोडतो आणि जुनाच डोस झेपत नाही. श्वास मंदावत थांबतो. हे त्याला किंवा त्याच्या बायकोला कोणी सांगितलं नव्हतं.

लोकांना वाटतं, हूक उतरली की माणूस सुटला. हूक बहुतेक आठ-दहा दिवसांत उतरते. जुलाब, पेटके, झोप नाही, हाल फार, पण एरवी धडधाकट माणूस त्यानं सहसा मरत नाही. तलफ मात्र महिनोन्‌महिने राहते, खरा इलाज तिच्यावर. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली धरतात, गिळायची नाही. ती त्याच कुलपात बसते, पण अर्धवट फिरते. हूक भागते, आणि डोस वाढवला तरी एका मर्यादेपुढे तिचा जोर चढत नाही. पहिली गोळी हूक सुरू झाल्यावरच द्यायची, आधी दिली तर उलट हूकच उसळते. म्हणून ती केंद्रात, डॉक्टरांच्या नजरेखाली. आपण काउंटरवर द्यायची चीज नाही. "एक व्यसन सोडवून दुसरं लावलं," असं शहाणे लोक तुला ऐकवतील. ऐकवू देत. ती गोळी चालू असलेला माणूस सकाळी डबा घेऊन कामावर जातो. कोणाला ती वर्षभर लागते, कोणाला अनेक वर्षं, आणि घाईनं तोडली की पुन्हा घसरण्याचा धोका वाढतो. नॅल्ट्रेक्सोन हे दुसरं औषध, पण आठवडा-दहा दिवस अंगात काहीच नसेल तरच.

तो क्लीनर परत येईल. हूक लागल्यावर मानापमान राहत नाही. त्याला बाजूला घे, बाकीच्या गिऱ्हाइकांसमोर नको. गोळी देऊ नकोस, पण किती घेतोस आणि कधीपासून, ते विचार. 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर त्याच्या मोबाइलमध्ये घालून दे. धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचाराची ओपीडी आहे. कुठल्या खिडकीवर केसपेपर काढायचा, तेवढंही सांग, त्याच पायी माणसं परत फिरतात. आणि त्याच्या जोडीदाराला, म्हणजे ड्रायव्हरला, सांगून ठेव: हलवून जागा होत नसेल, ओठ निळे, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, घोरल्यासारखा अडखळता श्वास, असं दिसलं तर झोपला असेल म्हणून सोडायचं नाही. 108 ला फोन, कुशीवर वळवायचं, श्वास बघत राहायचं. नॅलोक्सोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर माणूस परत येतो.

पुढच्या आठवड्यात शिरपूरला येतोय. रजिस्टर काढून ठेव, नोंदी बघेन.

तुझा,
काका