तक्रार आलीय, समिती नाही, काय करू?

प्रश्न: मॅडम, आमची छोटी कंपनी आहे, सगळे मिळून चौदा जण, त्यात दोन ट्रेनी आणि तीन बायका. अकाउंट्समधल्या मुलीने मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलंय की सुपरवायझर रात्री नको ते मेसेज टाकतो, स्क्रीनशॉट पण पाठवलेत. माणूस जुना आहे, कामाला एक नंबर. मी दोघांना केबिनमध्ये बसवून त्याला माफी मागायला लावणार होतो, तिला थोडे पैसे देऊन विषय संपवणार होतो, पण आमचे सीए म्हणाले आधी विचारून घ्या. एवढ्याशा ऑफिसला समिती लागते का?

उत्तर: सीएंचे आभार माना. लागते. कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, ज्याला सगळे पॉश म्हणतात, त्यात दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की अंतर्गत समिती, म्हणजे अशा तक्रारींची चौकशी करणारी ऑफिसातली समिती, हवीच, आणि मोजताना ट्रेनी, कंत्राटी, रोजंदारीवाले सगळे धरायचे. बायका तीनच आहेत म्हणून सुटका नाही. समिती नेमली नाही तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, दुसऱ्यांदा सापडलात तर दुप्पट, शिवाय लायसन्सवर पण येऊ शकतं.

आता केबिनचं. ते अजिबात करू नका. तडजोड कायद्यात आहे, पण ती चौकशी सुरू व्हायच्या आधी, तिने स्वतःहून मागितली तर आणि समितीमार्फतच, आणि पैसे देऊन मिटवायला तर स्पष्ट मनाई आहे. तुम्ही मालक, तो जुना माणूस, दार बंद, अशा खोलीत ती 'जाऊ दे सर' म्हणणारच ना, त्याला तडजोड म्हणत नाहीत.

आधी लेखी ऑर्डर काढून समिती नेमा. अध्यक्ष वरच्या पदावरची महिला कर्मचारी, कर्मचाऱ्यांतले किमान दोन सदस्य, आणि एक बाहेरची व्यक्ती, महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची माहिती असलेली. निम्म्या तरी बायकाच हव्यात. (मिसेसना अध्यक्ष करू का, असं विचारणारे हमखास भेटतात. त्या तुमच्याकडे खरंच वरच्या पदावर नोकरी करत असतील तर बघू, नुसत्या सहीपुरत्या नकोत.) ऑर्डर सगळ्यांना दिसेल अशी लावा.

मग तिला सांगा की तक्रार लेखी दे, घटनेपासून ३ महिन्यांच्या आत, मेसेज बरेच असतील तर शेवटच्या मेसेजपासून ३ महिने. कारण पटलं तर समिती अजून ३ महिने देऊ शकते. तिला लिहायला जमत नसेल तर लिहायला मदत करणं समितीचं काम आहे. तक्रारीची प्रत ७ कामकाजी दिवसांत सुपरवायझरला जाते, त्याला उत्तराला १० कामकाजी दिवस. त्याचं पण नीट ऐकायचं, कामाला चांगला आहे हे मात्र उत्तर होत नाही. चौकशी ९० दिवसांत, रिपोर्ट त्यानंतर १० दिवसांत, आणि तो आल्यावर ६० दिवसांत कारवाई तुम्ही करायची. मधल्या काळात तिने लेखी मागितलं तर समिती बदलीची किंवा ३ महिन्यांपर्यंत जादा रजेची शिफारस करू शकते, ही रजा तिच्या हक्काच्या रजेतून कापायची नाही. ती न मागता तिचीच बदली करून टाकणं हे बऱ्याच ऑफिसांत होतं आणि ते शिक्षा तिलाच दिल्यासारखं आहे.

आणि हो, ते स्क्रीनशॉट स्टाफच्या ग्रुपवर किंवा पार्टनरला 'बघ काय चाललंय' म्हणून फॉरवर्ड करू नका, तक्रार, नावं, चौकशी सगळं गोपनीय ठेवायचं असतं.

प्रश्न: आमच्याकडे सहाच जण आहेत. तक्रार सिद्ध झाली नाही तर त्या मुलीवर कारवाई करता येते का?

उत्तर: सहा जण म्हणजे तुमच्याकडे अंतर्गत समिती बंधनकारक नाही, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाईल. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तरी तिकडेच, मग माणसं कितीही असोत. राहिलं कारवाईचं, तर पुरावा कमी पडला म्हणजे तक्रार खोटी ठरत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय. मुद्दाम खोटं रचलं हे चौकशीत वेगळं सिद्ध व्हावं लागतं, तोपर्यंत तिच्या नोकरीला हात लावू नका.