चीनच्या वेगवान आर्थिक वाढीचा पर्यावरणावर आणि जगावर काय परिणाम झाला?

सर्वांत मोठा परिणाम कोळशाचा आहे. २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाल्यावर चीन जगाचा कारखाना बनला, काही वर्षांतच कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात त्याने अमेरिकेला मागे टाकले आणि आज जगात वापरल्या जाणाऱ्या कोळशापैकी निम्म्याहून अधिक कोळसा एकटा चीन वापरतो. तरीही सगळा दोष त्याच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते, कारण न्हावा शेवा बंदरात उतरणाऱ्या कंटेनरांतून चार्जर, खेळणी आणि दिव्यांच्या माळा आपल्या घरी येतात, पण त्या बनवताना झालेला धूर चीनच्या खात्यावर मांडला जातो. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीजवळची प्रदूषित कासाडी नदी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना उत्पादनाची किंमत कोण मोजतो हे वेगळे सांगायला नको.

कचऱ्याचेही तसेच झाले. २०१८ पासून चीनने परदेशी प्लास्टिक कचऱ्यासाठी दारे बंद केली, तेव्हा श्रीमंत देशांचा कचरा मलेशिया, व्हिएतनाम आणि थायलंडकडे वळला.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. खारघरला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर जे सौर पॅनेल बसले, त्यांच्या मागच्या पट्टीवर चिनी कंपनीचेच नाव आहे. चीनने प्रचंड प्रमाणावर उत्पादन केल्यामुळेच हे तंत्रज्ञान सामान्य सोसायटीच्या आवाक्यात आले. मात्र त्या पॅनेलमधील पॉलिसिलिकॉन, म्हणजे सौर पेशी ज्यापासून बनतात तो अतिशुद्ध सिलिकॉन, तयार करायला भरपूर वीज लागते आणि चीनमध्ये ती आजही मोठ्या प्रमाणात कोळशापासूनच मिळते.