19 वर्षांचा भाऊ रोज गांजा ओढतो. मेंदूवर कायमचा परिणाम होतो का?

तुमचा भाऊ 17व्या वर्षापासून रोज ओढतोय आणि ‘झाडाचा पाला आहे, दारूपेक्षा बरा’ म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. मी व्यसनमुक्ती समुपदेशक आहे. या वयाच्या मुलांकडून हे नेहमी ऐकते.

आमचा पहिला प्रश्न असतो, कितव्या वर्षी सुरू केलंस? कारण मोह आवरणारा, पुढचा विचार करणारा कपाळामागचा मेंदू पंचविशीपर्यंत घडतच असतो. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये 1972-73 साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा मागोवा घेतला गेला. किशोरवयात सुरुवात करून वर्षानुवर्षं गांजाच्या आहारी राहिलेल्यांचा बुद्ध्यांक 38व्या वर्षापर्यंत सरासरी 8 अंकांनी घसरलेला दिसला. मात्र 2016 साली जुळ्या भावंडांच्या अभ्यासात ओढणारा आणि न ओढणारा यांच्यात असा फरक सापडला नाही. म्हणजे घसरणीमागे घरची परिस्थितीही असू शकते. तेव्हा ‘तुझी बुद्धी गेली’ असं म्हणून त्याला घाबरवू नका. तो तुमचं पुढचं काहीच ऐकणार नाही.

मला खरी भीती वाटते ती सायकोसिसची, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाशी नातं तुटण्याची. स्वीडनमध्ये 1969-70 साली सैन्यात भरती झालेल्या सुमारे 45 हजार तरुणांपैकी ज्यांनी 50हून जास्त वेळा गांजा-चरस घेतलं होतं, त्यांच्यात पुढच्या 15 वर्षांत स्किझोफ्रेनिया (असाच दीर्घकाळ टिकणारा मानसिक आजार) न घेणाऱ्यांच्या सहापट आढळला. इतर कारणं वजा केली की हा आकडा खाली येतो, पण धोका उरतोच. मामा, काका, आत्या, कुणालाही असा आजार असेल तर तो आणखी वाढतो. मित्र आपल्याविरुद्ध कट करताहेत, फोनमधून कुणी पाळत ठेवतंय, असं तो बोलू लागला तर त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. परीक्षा संपायची वाट पाहू नका.

आता दिलासा. रोज ओढून मेंदूतले जे रिसेप्टर (गांजातला नशेचा घटक जिथे चिकटतो त्या जागा) कमी होतात, ते ओढणं थांबवल्यावर साधारण 4 आठवड्यांत पूर्ववत होताना दिसलेत. पण पहिला-दुसरा आठवडा कठीण जातो. चिडचिड होते, झोप उडते, जेवण जात नाही. ‘सोडल्यापासून पोरगं जास्तच बिघडलं’ म्हणून आई-बाबा इथेच हात टेकतात. त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

तो यायला तयार नसला तरी 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर तुम्ही स्वतः फोन करा. घरच्यांनी आधी बोललेलं चालतं.