प्रयोगशाळेत खरा ढग तयार करता येतो का, की ते सगळं संगणकावरच चालतं?

हो, येतो, आणि तो तासन्‌तास टिकवताही येतो. अमेरिकेतल्या मिशिगन टेक विद्यापीठात त्यासाठी ‘पाय (π) चेंबर’ नावाचं बंदिस्त दालन आहे. आतली दंडगोल जागा १ मीटर उंच, २ मीटर व्यासाची, म्हणजे घनफळ ३.१४ घनमीटर, गणितातल्या ‘पाय’ची किंमतही ३.१४, नाव त्यावरूनच. खालची प्लेट कोमट, वरची थंड, दोन्ही ओल्या. खालची दमट हवा वर चढते, वरची गार हवा खाली येते, दोन्ही मिसळल्या की बाष्प हवेत मावेल त्यापेक्षा जास्त होतं. मग मिठाचे सूक्ष्म कण सोडायचे, त्यांच्यावर थेंब धरतात. या चेंबरवर काम करणाऱ्या गटाच्या २०१६ च्या शोधनिबंधातली गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: कण कमी, म्हणजे हवा स्वच्छ असेल, तर हवेच्या खळबळीमुळे थेंबांचे आकार जास्त वेगवेगळे होतात. लहानमोठे थेंब असले की ते एकमेकांत मिसळून पाऊस व्हायला मदत होते. धुरकट हवेत थेंब पुष्कळ, पण बारीक आणि जवळपास सारखेच.

फक्त हे निष्कर्ष जसेच्या तसे आभाळाला लावू नका. आभाळातला ढग शेकडो मीटर ते काही किलोमीटर उंच असतो; चेंबरमध्ये मोठा थेंब लगेच तळाला जातो.