बीआरसीए २ निघालंय, आता गोळी घ्यायची की किमो?

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, आम्ही इचलकरंजीचे. बाबा ६८ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तेव्हाच हाडांत पसरलेला होता. दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन आणि रोज ॲबिरॅटेरॉन ही हार्मोनची गोळी चालू केली, पीएसए (रक्तातला प्रोस्टेटच्या आजाराचा आकडा) ०.४ पर्यंत उतरलं, बाबा पहिल्यासारखे हिंडूफिरू लागले. पण दिवाळीनंतर ते २ झालं, मग ५, आता ११, आणि बोन स्कॅनमध्ये दोन नवे डाग. रक्ताच्या जीन टेस्टमध्ये बीआरसीए २ या जीनमध्ये म्युटेशन म्हणजे बिघाड आलाय. इथले डॉक्टर म्हणतात किमो, पुण्याचे म्हणतात ओलापॅरिबची गोळी, अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणतो ल्युटेशियम हे किरणोत्सर्गी औषध, आणि ओळखीचे एकजण म्हणतात नुसती हार्मोनची गोळी बदलून बघा. कुणाचं ऐकू? आत्याला चाळिशीत ब्रेस्ट कॅन्सर झालेला. आणि धाकट्या बहिणीचं लग्न जमवतोय म्हणून आई म्हणते हे जीनचं कुणाजवळ बोलायचं नाही.

उत्तर : ताई, चौघांची चार तोंडं दिसली तरी त्यातले तिघं आपापल्या जागी बरोबर आहेत, वाद फक्त आधी काय आणि नंतर काय एवढाच आहे. आधी दोन गोष्टी बघून घ्या. एक, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) ५० नॅनोग्रॅम/डेसिलिटरच्या खाली आहे ना, कारण इंजेक्शनची तारीख पुढेमागे झाली असेल तर पीएसए त्यानेही वाढतं. दुसरं, रिपोर्टवर 'पॅथोजेनिक' (म्हणजे नक्की आजार करणारा बदल) लिहिलंय की 'व्हीयूएस'. व्हीयूएस म्हणजे अजून अर्थ न लागलेला बदल, त्याच्या जोरावर औषध ठरवत नाहीत.

दोन्ही नीट असेल तर माझा कल ओलापॅरिबकडे आहे आणि कारणही सांगतो. पेशीतला डीएनए तुटला की तो सांधायचे वेगवेगळे मार्ग असतात, बीआरसीए २ बिघडलं की त्यातला मोठा मार्ग बंद होतो, आणि ही गोळी दुसराही अडवते म्हणून ती कॅन्सरची पेशी मरते. हे नुसतं थिअरीत नाही. प्रोफाउंड नावाच्या ट्रायलमध्ये तुमच्या बाबांसारखेच, एक हार्मोनची गोळी निकामी झालेले पेशंट होते, काहींना ओलापॅरिब दिलं आणि काहींना नुसती दुसरी हार्मोनची गोळी. बीआरसीए किंवा एटीएम नावाचं जीन बिघडलेल्या गटात ओलापॅरिबवाल्यांचा आजार मध्यकाने (म्हणजे निम्म्यांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) ७.४ महिने दबून राहिला, दुसऱ्यांचा ३.६. आयुष्य १९.१ महिने विरुद्ध १४.७, आणि तेही दुसऱ्या गटातल्या बऱ्याच जणांना पुढे ओलापॅरिब मिळूनसुद्धा. २०२० मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली ती यावरच. त्यामुळे गोळी बदलून बघायचा सल्ला तेवढा सोडून द्या. आकडे लहान वाटतील, मलाही वाटतात, पण ते मधल्या पेशंटचे आहेत, काहीजण बरेच जास्त काढतात आणि काहींना गोळी लागूच पडत नाही.

ही गोळी म्हणजे पित्ताची गोळी नव्हे हं. ३०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, आणि हिमोग्लोबिन पडणं हा तिचा मोठा त्रास, काहींना रक्त चढवावं लागतं, मळमळ आणि थकवा तर असतोच. दर महिन्याला रक्त तपासायचं, किडनी कमजोर असेल तर डोस कमी होतो. ओलापॅरिब चालू झालं म्हणून हार्मोनचं इंजेक्शन बंद करायचं नाही, आणि ॲबिरॅटेरॉनसोबतची प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी एकदम तोडायची नाही, डॉक्टर सांगतील तशी हळूहळू. खर्चाचं म्हणाल तर भारतीय कंपन्यांचं जेनेरिक आता मिळतं, त्याबद्दल स्पष्ट विचारा, लाजू नका, आणि महात्मा फुले योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून समजून घ्या.

किमो हातातून गेलेली नाही. डोसिटॅक्सेल तीन आठवड्यांनी एकदा सलाईनमधून देतात, आणि आजार झपाट्याने वाढत असेल, लिव्हरमध्ये गेला असेल किंवा गोळी परवडतच नसेल तर तीच आधी घ्यावी, त्यात कमीपणा नाही. बीआरसीए २ वाल्यांना कार्बोप्लॅटिन हे किमोचंच दुसरं औषधही कधीकधी चांगलं लागू पडतं. ल्युटेशियमसाठी आधी पीएसएमए पेट स्कॅनमध्ये (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी दाखवणारा स्कॅन) गाठी उजळायला हव्यात, नाहीतर पैसे पाण्यात. चुलतभाऊ चुकीचं बोलत नाहीये, तिकडे २०२५ पासून ते किमोच्या आधीही देता येतं, पण म्युटेशन हातात असताना मी ते मागे ठेवेन.

आणि एक, पाठ अचानक जास्त दुखायला लागली, पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर पुढच्या ओपीडीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी एमआरआय. मणक्यात नस दाबली गेली आणि उशीर झाला तर पाय परत येत नाहीत.

आता आईंचं. त्यांची भीती मला कळते, आपल्याकडे स्थळं अशा गोष्टींवर मोडतात हे खरंच आहे, पण बाहेर न सांगणं वेगळं आणि घरातल्या पोरींना तपासायचंच नाही हे वेगळं. आत्यांचा कॅन्सर आणि बाबांचा बहुतेक एकाच म्युटेशनचा असावा. ब्रेस्ट कॅन्सर आईकडूनच येतो असं लोक धरून चालतात, तो बापाकडूनही येतो. तुम्हा प्रत्येक भावंडाला ते मिळायची शक्यता निम्मी. घरात म्युटेशन कुठलं ते माहीत असल्याने फक्त तेवढंच शोधायचं, त्यामुळे टेस्ट स्वस्तात होते, आणि निगेटिव्ह आली तर बहिणीच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. पॉझिटिव्ह आली तर तिशीच्या आधीपासून दरवर्षी ब्रेस्टचा एमआरआय, पुढे मॅमोग्राफी, आणि मुलंबाळं झाल्यावर चाळिशीच्या पुढेमागे ओव्हरीज काढायचा विचार. भाऊ असेल आणि त्याला निघालं तर चाळिशीपासून पीएसए. लग्नाआधी टेस्ट करायची की नंतर ते बहिणीने ठरवायचं, तिच्यासाठी दुसऱ्या कुणी नाही, पण जेनेटिक काउन्सेलरकडे तिला एकदा घेऊन जा. आणि आत्यांच्या मुलींपर्यंतही रिपोर्टची झेरॉक्स पोचवा, त्यांना तर अजून कुणी काहीच सांगितलेलं नसणार.