परत न आलेल्या रुग्णांची नोंद

नाशिक

प्रिय डॉक्टर,
सप्रेम आशीर्वाद.

एमसीएच (शस्त्रक्रियेतली सर्वोच्च विशेष पदवी) झाल्यावर नाशिकला परत यावे, की संशोधनासाठी मुंबईतल्या एखाद्या मोठ्या संस्थेत राहावे, असे तू विचारले आहेस. परत आलीस तर ऑपरेशने भरपूर होतील, पण संशोधन मागे पडेल, ही तुझी भीती मला समजते. तरीही संस्था लहान म्हणून संशोधन अडते, हे मला मान्य नाही. गुदाशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला वेगळी दिशा देणारा लेख ब्रिटिश सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये लिहिला, तेव्हा ते लंडनच्या नैर्ऋत्येकडील बेसिंगस्टोक या गावातल्या रुग्णालयात काम करत होते. त्या लेखात रुग्ण होते अवघे ५. गाठ जिथे संपल्यासारखी दिसत होती, तिथून काही सेंटिमीटर खाली, गुदाशयाभोवतीच्या चरबीच्या आवरणात कर्करोगाचे सूक्ष्म अंश सापडले होते. हे आवरण मागे राहते म्हणूनच रोग ओटीपोटात उलटतो का, एवढाच प्रश्न त्यांनी नेमकेपणाने मांडला.

तुझा प्रश्नही असाच वॉर्डातून येऊ दे, आणि मोजायला बसण्यापूर्वी व्याख्या लिहून काढ. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गळतीचेच पाहा. २००५ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ड्रेनमधल्या (पोटात ठेवलेल्या नळीतल्या) द्रवातले अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाचे पाचक विकर, रक्तातल्या पातळीच्या तिपटीहून जास्त असले, की फिस्टुला, म्हणजे गळती, धरत असत; २०१६ च्या सुधारणेनंतर, रुग्णाच्या प्रकृतीवर आणि उपचारांवर परिणाम झाला नसेल तर त्याला नुसते ‘बायोकेमिकल लीक’ म्हणायचे ठरले. रुग्ण तेच, टाके तेच, पण गळतीचा आकडा बदलतो. म्हणून कोणती व्याख्या धरली, आणि तिसऱ्या दिवशी अमायलेज खरोखर तपासले का, हे रजिस्टरमध्ये असलेच पाहिजे.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. तरुणपणी मी अल्सर फुटून आलेल्या रुग्णांवर एक निबंध परिषदेत वाचला. माझे मृत्यूचे प्रमाण फार कमी होते आणि त्याचा मला अभिमान होता. एका ज्येष्ठ सर्जननी विचारले, ‘‘टाके काढल्यानंतर यातले किती जण परत आले?’’ मला उत्तर देता आले नाही, कारण न आलेल्यांना मी बरे झालेले धरले होते. पुढच्या महिन्यात एसटीने मी सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर गेलो. तिथे एका रुग्णाच्या बायकोने कुडाच्या भिंतीत खोचलेली प्लास्टिकची पिशवी काढून माझ्याच अक्षरातले डिस्चार्ज कार्ड पुढे केले. त्यावर ‘प्रकृती समाधानकारक’ असे लिहिलेले होते, आणि तो माणूस घरी गेल्यानंतर अकराव्या दिवशी पोट फुगून वारला होता. ते कार्ड तिने जपून ठेवले होते, याचे मला आजही वाईट वाटते.

पेठ-सुरगाण्याकडची माणसे द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडला मजुरीला उतरतात. त्या दिवसांत तपासणीला येणे म्हणजे त्यांचा रोज बुडणे. त्यामुळे फॉलोअपला रुग्ण आला नाही तर तो बेफिकीर आहे असे समजू नकोस. दाखल करतानाच दोन फोन नंबर घे, एक घरचा आणि एक त्यांच्या आशाताईचा. नुसते गाव नको, पाड्याचे नावही लिही. तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी स्वतः फोन कर, ते काम रेसिडेंटवर सोपवू नकोस. फोन लागला नाही, तर ‘माहिती नाही’ असा वेगळा रकाना ठेव, आणि लेखात तो आकडा लपवू नकोस.

बाकीचे थोडक्यात. रुग्णांवर चाचणी करायची असेल, तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी एथिक्स कमिटीची परवानगी आणि सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतली नोंदणी झालेली हवी. संमतिपत्र रुग्णाला समजेल अशा बोलीत समजावून सांग. कोकणा आदिवासींची कोकणी बोली बोलणारी सिस्टर वॉर्डात असेल, तर तिला सोबत घे. ज्याने काम केले नाही, त्याचे नाव लेखावर घालू नकोस, मग तो विभागप्रमुख का असेना. यावरून थोडा त्रास होईल, आणि तेव्हा मी तुझ्या पाठीशी उभा राहीन.

दिवाळीला येशील तेव्हा या वर्षी तू स्वतः केलेल्या आतड्याच्या जोडण्यांची यादी घेऊन ये. त्यातल्या ज्या रुग्णांचा आज काही ठावठिकाणा नाही, त्यांच्या नावांपुढे खूण करून ठेव. आपण त्यांच्यापासूनच सुरुवात करू.

तुझा,
सर