नवा ड्रायव्हर म्हणजे चांगला ड्रायव्हर नव्हे

जुने गेम्स खेळायच्या जुन्या पीसीवर सगळ्यात नवा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाकायचा मोह आधी आवरा. विंडोज ९८ एसईवर (विंडोज ९८ ची दुसरी आवृत्ती) जीफोर्स २ किंवा जीफोर्स ४ टीआय हे ग्राफिक्स कार्ड असेल, तर ते बनवणाऱ्या एनव्हिडियाचा ४५.२३ हा ड्रायव्हर बहुतेकांना पुरतो. ८१.९८ ही त्या मालिकेतली बरीच पुढची आवृत्ती. ती जीफोर्स ६ साठी ठीक, पण जुन्या कार्डाला तिच्यापासून फायदा नाही, झाला तर त्रासच. शिवाय १९९७-९८ च्या काही गेम्सना ८ बिट पॅलेटवाली टेक्श्चर्स (२५६ रंगांच्या यादीवरून रंगवलेली पृष्ठचित्रं) लागतात. ती सोय जीफोर्स ६ पासून कार्डातूनच गेली, तिथे ड्रायव्हर बदलून काही होणार नाही.

कार्ड नेमकं कुठलं, हे डब्यावरून ठरवू नका. चिपवरचा क्रमांक वाचा. मग ड्रायव्हरची आयएनएफ फाइल (तो कुठल्या चिप्ससाठी आहे याची यादी असलेली) नोटपॅडमध्ये उघडा आणि तुमच्या चिपचा डिव्हाइस आयडी, म्हणजे तिचा ओळख-कोड, शोधा. एनव्हिडियाच्या ओळीत कंपनीचा कोड १०डीई (10DE) दिसेल, थ्रीडीएफएक्स या दुसऱ्या कंपनीच्या ओळीत १२१ए (121A). चिपचा आयडी नसेल तर ते ड्रायव्हर पॅकेज तुमच्यासाठी नाही.

ड्रायव्हर टाकायचा क्रम: आधी चिपसेट (मदरबोर्डवरच्या मुख्य चिप्स), मग डायरेक्टएक्स (गेम्सना लागणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर), ग्राफिक्स, शेवटी साउंड. व्हीआयए कंपनीच्या चिपसेटचा बोर्ड असेल तर फोर-इन-वन हे तिचं ड्रायव्हर पॅकेज टाकल्याशिवाय एजीपीच्या (ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटच्या) कटकटींची कारणं शोधत बसू नका.

साउंडचं थोडं वेगळं. विंडोजमधूनच डॉसचे गेम्स खेळायचे असतील तर डब्ल्यूडीएम या नव्या पद्धतीच्या ड्रायव्हरऐवजी व्हीएक्सडी हा जुन्या पद्धतीचा ड्रायव्हर घ्या. डॉसच्या गेम्सना लागणाऱ्या साउंड ब्लास्टर या साउंड कार्डाचं अनुकरण त्यात सहसा जास्त भरवशाचं असतं. नुसते विंडोजचे गेम्स असतील तर मग कुठलाही चालेल.